पुलालगतची पट्टी

मी, झुंबरबाई गोरक्षनाथ दरेकर, वय सत्तेचाळीस, राहणार खडकवाडी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. पोटातले दुखणे बरे होणारे नाही, असे नगरच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. मन स्वस्थ आहे.

१. रुळाकडेचे दोन खणांचे घर व भांडीकुंडी माझी एकुलती मुलगी रंगुबाई हिला. घर विकू नये, अशी अट मी आधी घातली होती. ती ऐकून रंगू म्हणाली, "आई, घर देतीस का मला राखणीला बसवतीस?" अट काढली आहे. तिने खुशाल आपल्या घरी भिंगारला राहावे.

२. माझे कैलासवासी यजमान रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. त्यांची पहार धाकटे दीर पुंजाराम यांना. "वैनी, पुलाजवळची पट्टी नुसती पडून हाय, मुरूम खणून इकू की!" असे ते दर दिवाळीला म्हणतात. पहार घ्यावी. खणायला जागा मिळणार नाही.

३. ही पट्टी यजमानांनी माझ्या नावे घेतलेली, रुळाखालच्या भरावाच्या पायथ्याशी आहे. पूल खडकावर उभा, तो हलत नाही. त्याला टेकलेला भराव मातीचा; पावसाळा सरला की तो बसतो आणि पुलाच्या तोंडाशी रूळ लवतात. गँग स्लीपरखाली खडी ठोकून ते उचलते. तोवर गाड्या तिथे सावकाश जातात.

त्या सावकाशीत मी जगले. ओट्यावर बसले की गाडीच्या खिडक्या पाण्यावरून वाहत आल्यासारख्या यायच्या. कोणी लेकीची वेणी घालते आहे, कोणी पटका कलंडला तरी झोपलेलेच आहे. एकदा एक नवरी पूल येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. ती कुठल्या घरी उतरली असेल, हे कितीतरी दिवस मनात घोळत होते. यजमान हसायचे, "माती बसली की तुझी चैन हाय बघ." ते गेल्यावर वाटू लागले, कधीतरी एका खिडकीत ते असतील, आणि गाडी हळू असल्यामुळे मला दिसतील.

भराव पुन्हा बसू नये म्हणून तो रुंद करायला रेल्वेला ही पट्टी हवी होती. माझ्यामागे द्यावी, असे मी ठरवले होते. पण दुष्काळात तडकलेली माती यंदाच्या पावसाने फारच बसली. गँगचे मुकादम काकासाहेब ओट्याशी येऊन म्हणाले, "वैनी, आता ठोकून भागत न्हाई. तुमी आधी जाताय का भराव, कुनी सांगावं?" मला हसूच आले. मग त्या खिडक्यांतली माणसे एकेक आठवली, आणि हसू थांबले.

म्हणून ही पट्टी मी कोणालाच ठेवत नाही. काल श्रीगोंद्याला जाऊन ती रेल्वेला लिहून दिली. काम लगेच सुरू व्हावे, माझ्या मरणासाठी थांबू नये, असे बजावून आले आहे. पुढे गाड्या भरधाव जातील. जाऊ द्याव्यात.

सही: झुंबरबाई गोरक्षनाथ दरेकर

आमच्यासमक्ष सही केली:
काकासाहेब लगड, गँग मुकादम (सही)
लंकाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

खडकवाडी, २ नोव्हेंबर १९७३