इप्पोननंतर

मालवण, ९ नोव्हेंबर

प्रिय क्लॉडिया,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुझी मम्मी पलीकडे बांगडे साफ करता करता मला टोमणे मारते आहे, 'पत्र कसला लिवतंस? चेडवाक फोन कर.' पण फोनवर आपलं दोघांचं बोलणं 'जेवलीस?' आणि 'जेवले'च्या पुढे गेली सहा वर्षं गेलेलं नाही. तू घरी आली नाहीस त्यालाही तेवढीच वर्षं झाली. तू यायला हवी आहेस, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे मी शेवटपर्यंत मॅटबद्दलच बोलत राहीन.

आता मॅटबद्दल. हसू नकोस. निवृत्त झालेल्या तुझ्या बापाला शाळेने परत बोलावून मुलींचा कुस्तीचा संघ गळ्यात बांधला आहे. कुस्तीचा! जिला मी तुझ्या तोंडावर 'एकमेकांच्या अंगाला घाम पुसायचा खेळ' म्हणालो होतो, तीच. बत्तीस वर्षं ज्युदो शिकवला. हाताला कॉलर आणि बाही लागली की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. जॅकेट गेलं आणि माझे हात हवेतच राहिले. संचिता म्हणून आचऱ्याची एक चपळ पोर आहे, दोन वर्षं माझ्याकडे ज्युदो शिकलेली. तिने पहिल्याच सरावात समोरच्या मुलीचा टी-शर्ट गच्च धरला. कुस्तीत कपडा धरला की फाऊल. तिला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ती खोड माझीच.

मग साठी उलटलेला हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. परशुराम म्हणून संचिताच्याच गावचा एक जवान आहे, सैन्यात कुस्ती खेळलेला. सुट्टीवर आलाय, त्याला रोज सकाळी शाळेत बोलावतो. कॉलर नसेल तर मानेमागे पंजा अडकवायचा, बाही नसेल तर मनगट पकडायचं, आणि काखेतून हात घालून पाठ कवळायची. कमरेवरून फेकायचा ओगोशी तर असा बसतो की जॅकेटची गरजच नव्हती. खांद्यावरून फेकायला जावं तर हात घामाने निसटतो आणि आपली पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते. हे सगळं तू अठराव्या वर्षी दांडीच्या किनाऱ्यावर वाळूत एकटीच करून बघत होतीस. मी लांबून बघायचो आणि हाक न मारता घरी परतायचो.

पावसाळ्यानंतर इथे कपड्यांना बुरशी धरते, तुला ठाऊक आहे. मम्मी दर ऑक्टोबरात तुझं जॅकेट उन्हात घालते. यंदा मी घातलं. लाल दोऱ्याने शिवलेलं तुझं नाव अजून तसंच आहे. वाळत घालायचं सोडून मी ते मांडीवर घेऊन कितीतरी वेळ पायरीवर बसलो. तुझी फार आठवण येते गो. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की वाटतं, आता घामाघूम तू येशील आणि कोणाशी न बोलता आधी पेजेचं भांडं उघडशील. कडी वाजवणारा शेजारचा कोणीतरी असतो. मी त्याच्यावर उगाच खेकसतो.

गेल्या मंगळवारी मी परशुरामाला ओगोशीने फेकला. या वयात, बघ! दाणकन पाठीवर आपटला. ज्युदोत तो इप्पोन, म्हणजे खेळ खलास. मॅटवरच्या कुस्तीत मात्र दोन्ही खांदे टेकवून धरेपर्यंत काहीच संपत नाही. मी हात सोडले, उठलो आणि वाकून नमस्कार करायला गेलो. तेवढ्यात त्याने माझे पाय ओढले, वर चढला आणि माझे दोन्ही खांदे टेकवले. वर हसत विचारतो, 'सर, माका सोडलात कित्याक?' मुली खिदळल्या, मीही हसलो. घरी येताना मात्र वाटेत एका गडग्याच्या दगडांवर बसून राहिलो.

सहा वर्षांपूर्वी कुस्तीच्या राज्य निवड चाचणीत तूही असंच केलं होतंस. त्या मुलीला सुरेख फेकलंस, हात सोडून उठलीस, आणि हरलीस. घरी आलीस तेव्हा मी म्हणालो, 'ज्युदो सोडलास, त्याचा हा प्रसाद.' दुसऱ्या दिवशी तू पुण्याची गाडी पकडलीस.

पण हात सोडायला तुला शिकवलं कोणी? लहानपणी फेकल्यावर तू धरून ठेवलंस की मी शिटीची दोरी तुझ्या बोटांवर मारायचो. पडलेल्याला धरून ठेवणं म्हणजे माज, असं म्हणायचो. खरं तर ज्युदोतही धरून ठेवायचे डाव आहेत. मला ते आवडत नव्हते, एवढंच. माझी आवड मी तुझ्या हाडात भरली, तिने तुझा घात केला, आणि वर दोष मी तुझ्या कुस्तीला दिला.

हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो. मुलींना शिकवायला ये, असं लिहिणार होतो, पण ते निमित्त झालं असतं. शनिवारी सगळ्या मुलींना समोर बसवून मी सांगितलं, की हा डाव मी माझ्या मुलीला अर्धाच शिकवला आणि त्यापायी ती हरली. कोणी हसलं नाही. संचिताने विचारलं, 'सर, ती आता खंय आसा?' पुण्यात आहे, म्हटलं. मग तिने विचारलं, 'घराक कधी येतली?' मी शिटी वाजवून सराव सुरू केला. ती पोर चिवट आहे, पुन्हा विचारल्याशिवाय राहायची नाही. माझं चुकलं, बाय. तिला काय सांगू?

तुझाच,
डॅडी