तीनच्या पुढे

प्रिय ताई,

तब्येत वगैरे विचारत नाही. तू ठणठणीत आहेस, हे तुझ्या नातीकडूनच कळतं.

सात आठवडे झाले, ती माझ्या वर्गात येते. सुताराच्या हाताखाली कुणी पोर देतं का, असं तू तुझ्या लेकीला विचारलंस म्हणे. देतात. वर्गातल्या अठरा खुर्च्या मी स्वतः केल्यात, बसलं की प्रत्येकाचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात. तुझ्या बालवाडीत मुलांचे पाय लोंबकळायचे आणि तू म्हणायचीस, फार चुळबुळ करतात मेली. पाय अधांतरी ठेवून तासभर बस, तूही करशील. पदवी तुझी. मी पुस्तकं मागून आणून आणि प्रशिक्षणांत न बोलावता मागच्या बाकावर बसून शिकलो.

पहिल्याच आठवड्यात पोर टेबलाखाली शिरली, बाहेर येईना. मदतनीस बाई म्हणाल्या, हट्टी आहे हो, लक्ष नका देऊ. मी दिलं. माझ्या वहीत तीन रकाने असतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. ‘हट्टी’ हा शब्द त्यातल्या एकाही रकान्यात बसत नाही. बारा वेळा ती टेबलाखाली गेली. अकरा वेळा त्याआधी कुणीतरी आकडे मोजत होतं, कधी ठोकळे, कधी रांगेतली मुलं. बारावी वेळ पंख्याच्या खडखडाटाची निघाली, तीही लिहिली आहे. मी खोटं लिहीत नाही, तुझ्याबाबतीतसुद्धा.

मी वर्गातलं मोजणं बंद केलं, ठोकळे रंगाने मागू लागलो. सहा दिवस टेबलाखाली कुणी नाही. सातव्या दिवशी तिने बाहुली समोर उभी केली, बोट नाचवत म्हणाली, एक… दोन… तीन! आणि बाहुलीला कपाटात घालून दार लावलं. वर दाराला तोंड लावून, अगदी गोड आवाजात: रडणं संपलं की सांग हं, बाळा.

तो ‘हं, बाळा’ मी कुठेही ओळखला असता.

माझी लेक चार वर्षांची असताना तिने तुझ्या बालवाडीत दूध सांडलं म्हणून तू असंच तीनपर्यंत मोजून तिला सामानाच्या कोठीत कोंडलंस. मी विचारायला आलो तर सगळ्या बायांसमोर म्हणालीस, अरे, शिस्त असते ती, तुला त्यातलं काय कळतं, तू आपला रंधा मार. बाया हसल्या. मी परत फिरलो आणि पुढे वर्षभर तिला तुझ्याच दारात सोडत राहिलो. ते पाप माझं, तुझ्या माथी मारत नाही. आज ती सत्तावीस वर्षांची आहे आणि न्हाणीघराचंही दार पूर्ण लावत नाही. जावयाला त्याचं कारण सांगताना माझी मान खाली गेली होती. तुझी कधी गेली? तेवीस वर्षं मी जे जे वाचलं, ते तुझ्याविरुद्ध वाचलं.

काल नातीने आपणहून माझ्या सदऱ्याची बटणं मोजली. तीनवर थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मी हललो नाही. मग हळूच म्हणाली, चार.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. शुक्रवारी चार वाजता तुझी लेक आणि जावई मला भेटायला येणार आहेत. यापुढेही दुपारी पोर तुझ्याकडे ठेवायची की नाही, ते माझी वही बघून ठरवतील. तोवर ती दुपारीही वर्गातच राहील, तशी परवानगी मी तुझ्या लेकीकडून घेतली आहे. नातीचं मी सांगणारच, त्यात सवलत नाही. पण त्याआधी तू स्वतः लेकीला सांगितलंस, कोणतं कपाट, किती वेळ, कितीदा, तर माझ्या लेकीच्या कोठीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. समोरच्याला बोलायची संधी द्यावी, असं मी शिकलोय, म्हणून देतो. मनापासून विचारशील, तर तू ती घेऊ नयेस. तू ताठ मानेने शिस्त, शिस्त म्हणत बसावंस, आणि शुक्रवारी तुझ्या पोटच्या पोरीने माझ्या तोंडून सगळं ऐकावं, हीच माझी इच्छा आहे.

तुझाच,
धाकटा