खुर्चीतले चार तास

११ मार्च

घरी आणलं त्याला! सव्वीस दिवसांनी. दोघांनी धरून जिना चढवला, मी मागून पिशव्या घेऊन. पलंगावर आडवा होताच पहिलं वाक्य— "मशीनवर कापड टाक, धूळ बसेल." नवरा नंतर आला, आधी शिंपी घरी आला.

डोक्याच्या उजव्या बाजूला तळहाताएवढं हाड नाही. दुकानाच्या पायऱ्यांवरून पडला, मेंदूला सूज आली. सुजेला जागा हवी म्हणून त्याच दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर हाड काढलं आणि त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं. काही महिन्यांनी परत बसवायचं. तो नणंदेला सांगत होता, "डॉक्टरने मला खिसा लावलाय. टाके बघ! माझ्याकडे शिकाऊ असता तर हाकलून दिला असता." ती हसता हसता रडायला लागली.

आम्ही निघताना सर्जन म्हणाले ते जसंच्या तसं: हळूहळू बसतं करा. आणि ती जागा रोज बघा. फार खोल गेली तर लगेच कळवा.

१३ मार्च

बघितली. नुसती कातडी, आणि तिच्याखाली काहीतरी ठोके देतंय. नळ सोडून रडले.

जुन्या अस्तराची मऊ टोपी शिवली. त्याचं परीक्षण— "वाकडी आहे. पण मास्तरीणबाईंच्या शिलाईला नावं कोण ठेवणार!"

२ एप्रिल

भिंतीवर वेळापत्रक लावलं. आठ ते बारा खिडकीशी, खुर्चीत. आज त्या लुळ्या डाव्या हाताने कापड धरून दोन बटणं लावली त्याने!

टोपी आता दिवसरात्र असते. त्याला ऊब मिळते म्हणून— असं मी सांगते.

१९ एप्रिल

बटण हातातून सुटतं. सकाळी उठल्या उठल्या पलंगावरूनच गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, तो बाह्या तीनदा आखूड करून घेणारा वकील तर हुबेहूब. दहा वाजता खुर्चीत नुसता पुतळा. डोकं दुखतं म्हणतो. जीभ जड. "झोपू दे."

सकाळी जमतं म्हणजे जमतं त्याला. मन लावत नाही.

२० एप्रिल

"झोपू दे." आज नऊ वेळा.

६ मे

नणंद म्हणाली, "वहिनी, पडू दे ना त्याला थोडं. शाळा आहे का ही?"

"तू संध्याकाळी आपल्या घरी जातेस," मी म्हणाले. "निभावायचं मला आहे."

तोंड एवढंसं करून गेली. मी चुकतेय का? पण आज पडू दिलं तर कायमचाच पडून राहील, ही भीती. आणि खरं सांगायचं तर आणखी एक— बसलेला दिसला की तो मला पूर्वीसारखा वाटतो. मग हे वेळापत्रक नक्की कुणासाठी?

दुपारी पुन्हा बसवलं. तासभर जास्त.

१७ मे

हे लिहून ठेवते. नाही लिहिलं तर काही दिवसांनी मी तसं बोललेच नाही असं मला वाटायला लागेल.

घास गालात तसाच राहिला. मग डाव्या पायातलं बळ गेलं आणि तो खुर्चीतून घसरला. उचलताना माझ्या कमरेत कळ आली. तो म्हणत होता, "झो... झो..." आणि मी म्हणाले, "त्या दिवशी टेबलावरच गेला असतास तर दोघंही सुटलो असतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

समजलं नसेल. हल्ली कुठे काही समजतं त्याला. समजलेलं नसू दे.

१८ मे

कंबर धरली. मी खाली गादीवर, तो वर पलंगावर. नणंद दोघांना भरवते. धुवायला म्हणून तिने टोपी काढली आणि तिथेच थांबली. "वहिनी, इथे तर वाटी मावेल."

मला मान वळवता येत नव्हती. येत असती तर वळवली असती का?

२० मे

त्याला उठवायला कुणी नाही, त्यामुळे दोन दिवस तो सपाट पडून. आज दुपारी वरून आवाज आला— "कंबर कशी आहे गं तुझी?"

अख्खं वाक्य! स्पष्ट! डाव्या हाताने चादरीची कड चाचपली, म्हणाला, "उसवलीय."

मागची पानं चाळली. तो चांगला होता असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे तिथे तो आडवा आहे. वाईट सगळं खुर्चीत. माझ्याच अक्षरात! वर्गात ओरडून सांगते मी— आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

२१ मे

स्ट्रेचरवरून नेला. सर्जन म्हणाले, हाड नाही तिथे नुसती कातडी. माणूस उभा राहिला, बसला की डोक्यातलं पाणी खाली उतरतं आणि बाहेरची हवा कातडी आत दाबते. मेंदूवर. आडवा झाला की दाब हलका. उपाय एकच, हाड लवकर परत बसवणं.

"किती वेळ बसवत होता?"

"चार तास. कधी पाच."

"आणि जागा रोज बघत होता ना?"

"टोपी होती," मी म्हणाले.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

२७ मे

आत नेताना म्हणाला, "खिसा रिकामा करून येतो."

बसवलं. आता वाट पाहायची.

९ जून

अर्धा तास बसला, मग एक तास. बसूनही बोलणं स्पष्टच राहिलं! डावा हात पूर्वीसारखा होईल की नाही, कुणी सांगत नाही.

धीर करून विचारलं, "ते खुर्चीतले दिवस आठवतात तुला?"

"छे. सगळं धुकं."

किती हलकं वाटलं! मग त्या हलकं वाटण्याची लाज.

२ जुलै

आठ वाजता स्वतःच खुर्चीत जाऊन बसला. माझी वाकडी टोपी उसवून पुन्हा शिवत होता. दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी टेबलावरच गेला असतास तर दोघंही सुटलो असतो." माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. मग म्हणाला, "सुटली असतीस का गं?"

एकही शब्द अडखळला नाही.