ॲक्रोच, आणि पुढची खोली

२० ऑक्टोबर, रविवार
निवृत्तीनंतरचा पहिला संकल्प : इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांवर पुस्तक. दिवाळीपर्यंत एक लेख पूर्ण. शब्द ठरला. ॲक्रोच. आता कोणी वापरत नाही. अर्थ : दुसऱ्याची सत्ता किंवा मालमत्ता बळकावणे. भवानी पेठेत हे काम मीच करू शकतो.

२२ ऑक्टोबर
मूळ जुन्या फ्रेंचमध्ये. तिथे क्रोक म्हणजे आकडा. आकडा टाकून आपल्याकडे ओढणे. क्रोशाची सुई याच खानदानातली. लिहायला बसलो, तर शेजारच्या सोमलिंगनं जिन्याची पायरी गल्लीत वीतभर पुढे घेतलेली दिसली. हाच तो ॲक्रोच! महापालिकेत तक्रार देऊन आलो. लेख राहिला.

२७ ऑक्टोबर
वरचा मजला चढवायचा आहे. कर्जासाठी बँक म्हणते, घर वडिलांचं, बहिणीचं हक्कसोडपत्र आणा. वैजूला मैंदर्गीला, तिच्या सासरी, फोन केला. म्हणाली, सगळं तुलाच की आण्णा, मला काय करायचंय. फकस्त पुढची खोली ऋतुजाच्या नावानं ठिव, तितं राहून नर्सिंग करंल पोरगी. म्हटलं, भाची म्हणजे माझीच मुलगी, केव्हाही येऊ दे. पण असल्या गोष्टी कागदावर आणू नयेत, नात्याला डाग लागतो. तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

१ नोव्हेंबर
चौदाव्या शतकातलं इंग्लंड. राजाची सत्ता ॲक्रोच केली, एवढ्या आरोपावर माणसं मरत. शब्द इतका सैल की कोणालाही अडकवावं. शेवटी राजद्रोह म्हणजे नेमकं काय, ते कायद्यात लिहून घ्यावं लागलं. धडा : सगळं कागदावर हवं. हे वाक्य लेखात घ्यायचं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
वैजूनं ओवाळलं. मी ताटात भारीतली इरकल साडी घातली. मग उद्याच्या सहीचा विषय काढला. सौ. आतून म्हणाली, एका साडीत खोली उरकली की हो तुम्ही. बायकांना व्यवहार कळत नाही.

४ नोव्हेंबर
रजिस्ट्रार ऑफिस. साहेबांनी विचारलं, बाई, राजीखुशीनं सोडताय ना? वैजू म्हणाली, खुशी आण्णाची हाय साहेब, सही माजी घ्या. साहेब हसले. मीही हसलो. लहानपणापासून विनोदी. स्टँडवर सोडतो म्हटलं, तर एकटीच रिक्षात बसली. साडी बाकावर विसरली. विसरभोळीही आहे.

१४ जानेवारी
पुढच्या खोलीत टेबल लावलं. आता लेखाला वेग येईल. वैजूचा फोन. ऋतुजाला कधी आणू? म्हटलं, वर काम चालू आहे, सिमेंटची धूळ पोरीला बाधेल. मजला झाला की बघू. काळजी घ्यावीच लागते.

१८ मे
सोमलिंग मैंदर्गीला जाऊन आला. ऋतुजाला दुधनीत दिली म्हणे. वर मलाच म्हणाला, पोरगी शिकतो म्हणत होती की सर, तुमी सख्खे मामा असून असं कसं हो? त्याच्या पायरीला नोटीस आलीय, त्याचा राग. लग्नपत्रिका पोस्टात हरवली असणार.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सकाळी अंघोळ करून पाटावर बसलो. दुपारी वैजूला फोन केला. म्हणाली, माहेर हुतं तवर येत हुते की आण्णा. परक्याच्या घरी ववाळायला कोन जातं? ठेवला. सौ.ला सांगितलं, बसला गर्दी आहे, संध्याकाळी येईल.
पाचला सौ. केरसुणी घेऊन आली. म्हणाली, उठा, झाडायचंय.