थोरलं सभागृह

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं म्हणजे श्राद्धाच्या पानाला नावं ठेवण्यासारखं आहे. जेवणारा ऐकायचा नाही आणि रांधणारी मात्र दुखावायची. तरी लिहितो. गेल्या आठवड्यात सांगलीला जाऊन आलो, तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे. लिंबू चाटून पाहिलं, आलं चावून पाहिलं. हा पित्ताचा प्रकार नाही, तुमचा आहे, अशा निदानाला मी आलो आहे.

आधी तुमचं साताऱ्यातलं स्वयंपाकघर आठवतं, कारण तुमच्याविषयी वाईट लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सकाळी आम्ही दोघं संस्कृतला यायचो, मी आणि तो. तो वसतिगृहात राहायचा. त्याचे आबा कोयनेला धरणाच्या बोगद्यात कामाला होते. घरच्या सगळ्यांनी काही वर्षांपूर्वीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तुमच्या बोळाला ते चांगलं ठाऊक होतं. तुम्ही त्याला ओसरीवर नाही, माझ्या शेजारी पाटावर, शेगडीच्या उबेला बसवायचात. चहा एकाच किटलीतून, कप सारखेच. समोरच्या खिडकीतून कुणी मुद्दाम खाकरलं की तुम्ही रूपं मोठ्यानं म्हणून घ्यायचात. तेव्हा मला वाटायचं की शौर्य म्हणजे हेच असणार, चहाच्या कपाएवढं, पण रोजचं.

रूपं झाली की वर्तमानपत्र. नागरिकशास्त्रही तुमच्याकडेच होतं. लोकसभा लोक निवडतात, राज्यसभेचे बहुतेक सभासद आमदार निवडतात आणि थोडे राष्ट्रपती नेमतात. लोकसभा विसर्जित होते, राज्यसभा कधीच नाही, तिच्यातले एकतृतीयांश दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. लोकसभेचा अध्यक्ष सभासद आपल्यातून निवडतात. राज्यसभेचा सभापती मात्र उपराष्ट्रपती, तो त्या सभागृहाचा सभासदही नसतो. आणि पैशाचं विधेयक आलं तर राज्यसभेनं चौदा दिवसांत परत पाठवायचं, फार तर शिफारस करायची. एवढं ऐकून तुमच्या सौ., आमच्या काकू, पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाल्या, "म्हणजे सासूबाईच म्हणा की. शिफारस करायची, चाव्या दुसरीकडे." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. त्याच वर्षी हुंडाबंदीच्या विधेयकावर दोन्ही सभागृहं एकत्र बसली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "हुंड्यासाठी दोन्ही घरं एकत्र बसतात, त्यात नवीन काय?" तुम्ही मात्र बोट वर करून आम्हाला विचारलंत, "एकत्र बसली तर खुर्चीवर कोण?" तो माझ्या आधी बोलला: "लोकसभेचा अध्यक्ष." तुम्ही त्याच्या ताटलीत चमचाभर पोहे जास्त वाढलेत. मला राग आला होता, तो पोह्यांपुरता.

मग शाळेत तुम्ही अभिरूप संसद भरवलीत. हॉलमध्ये लोकसभा, हिरवी सतरंजी. चित्रकलेच्या वर्गात राज्यसभा, टेबलावर लाल कापड. दिल्लीतले गालिचे याच रंगांचे आहेत, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. चित्रकलेचा वर्ग मुतारीला लागून होता, हे मात्र दिल्लीशी कितपत जुळतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. मला सचिव केलंत, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि मत कुणी विचारत नव्हतं. अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी त्याला निवडलं. त्यात उपकार नव्हता. हुतूतूत पंच व्हायला सगळे त्यालाच बोलवायचे, कारण तो आपल्या बाजूचा गडीही बाद द्यायचा. संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा पुतण्या विरोधी पक्षाचा नेता होता, त्यानंही हात वर केला. रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी त्याला हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं. तालमीत पुतण्या भाषणाच्या भरात थांबेना, तेव्हा हा नुसता उभा राहिला. अध्यक्ष उभे राहिले की बाकी सगळ्यांनी बसायचं. पुतण्या अर्ध्या वाक्यावर बसला. तुम्ही दारात उभे होतात, आणि तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा बापाचा होतो तसा.

त्या रात्री वसतिगृहात त्यानं आबांना कार्ड लिहिलं की रजा काढून या.

चेअरमनसाहेब समारंभाचे पाहुणे होते. आदल्या दिवशी ते हेडमास्तरांच्या खोलीत आले, चहा घेतला, कार्यक्रम विचारला. खुर्चीवर कोण बसणार म्हणाले. तुम्ही नाव सांगितलंत. त्यांनी आडनाव विचारलं. तुम्ही सांगितलंत. "असं होय," म्हणाले आणि बिस्किट बुडवलं. बस्स. हे मला शिपायानं सांगितलं आणि मी ते शंभरदा तपासून पाहिलं आहे, सर. साहेबांनी काहीही सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं नाही, भुवई वर केली नाही. एका 'असं होय'वर तुम्ही स्वतःहून वाकलात. धमकी मिळाली असती, नोकरीवर आलं असतं, तर मी तुमच्यासाठी एखादा अपवाद शोधला असता. व्याकरणाच्या सूत्रांना अपवाद शोधायला तुम्हीच शिकवलं होतंत. पण न मागितलेली लाच आपण होऊन नेऊन देणारा माणूस पाहिला की जी शिसारी येते तिला कुठल्याही सूत्रात सोय नाही.

संध्याकाळी तुम्ही आम्हा दोघांना ओसरीवर बोलावलंत. पहिल्यांदाच ओसरीवर.

"उद्या तू राज्यसभा सांभाळ," तुम्ही त्याला म्हणालात. "उपराष्ट्रपती तू. अध्यक्ष तेवढा बदलू या, पुतण्याला बसवू."

"का सर?"

"अरे, ती बढती आहे. उपराष्ट्रपतीचा मान अध्यक्षाच्या वर. राष्ट्रपतींच्या खालोखाल."

त्यानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग म्हणाला, "सर, दोन्ही सभागृहं एकत्र बसली तर खुर्चीवर कोण?"

तुम्ही म्हणालात, "उद्या एकत्र बसणार नाहीत."

"मग मान मोठा आसंल तर साहेबांच्या पुतण्याला द्या की थितं."

एरवी तो तुमच्यासमोर जपून बोलायचा. त्या क्षणी घरची भाषा आली. तुम्ही चष्मा पुसलात. मी मध्ये पडलो, कारण मला खरोखर वाटलं की तुम्ही विसरला आहात. म्हटलं, "सर, अध्यक्षाला काढायचं तर चौदा दिवसांची नोटीस लागते ना? आणि उपराष्ट्रपतीला दोन्ही सभागृहांनी निवडायला हवं." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू सचिव आहेस. सचिवानं मत द्यायचं नसतं." नियम बरोबर होता. तुमचा प्रत्येक नियम बरोबरच असायचा, सर.

दुसऱ्या दिवशी आबा येतात. घाटातून एस.टी.नं, धुतलेलं धोतर, कडक टोपी. मी अध्यक्षांच्या खुर्चीपुढे सचिवाच्या टेबलाशी बसलो आहे आणि ते दारात थांबून खुर्चीकडे बघतात. खुर्चीत पुतण्या बसलेला, त्याला एकच शब्द पाठ झालाय, 'शांतता', आणि तो सगळे शांत असतानाही म्हणतोय. आबा पुन्हा खुर्चीकडे बघतात, मग सगळ्या बाकांवरून नजर फिरवतात. तुम्ही लगबगीनं जाऊन त्यांचा दंड धरता आणि बाहेर नेता. तेवढ्यात लोकसभेनं मधली सुट्टी वाढवण्याचं विधेयक संमत केलं, ते राज्यसभेला पोचवणं सचिवाचं काम, म्हणून कागद घेऊन मी तुमच्या मागोमाग निघालो.

चित्रकलेच्या वर्गात मूठभर मुलं स्टुलांवर बसली होती. प्रेक्षक नाही, पाहुणे नाहीत, पताका नाहीत. फिनेलचा वास. तो लाल कापडामागे सरळ बसला होता.

"आरं, तू हितं?" आबा म्हणाले. "समदी मानसं तिकडं, आन् तू हितं एकला?"

"आबा, हे वरचं सभागृह," तुम्ही म्हणालात.

"वरचं म्हंजे? थोरलं व्हय गुर्जी?"

"थोरलंच. मान याचा मोठा."

आबांनी तुमचं ऐकून घेतलं, पण विचारलं मुलाला. "व्हय रं?"

त्यानं आधी तुमच्याकडे पाहिलं, सर. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात, आणि खिडकीबाहेर फक्त मुतारीची भिंत होती. मग तो म्हणाला, "व्हय आबा. थोरलं हाय."

आबांनी टोपी काढली आणि मागच्या स्टुलावर बसले, देवळात बसावं तसे. पुढचं कामकाज इतकं नेटकं झालं की तसं मी नंतर कुठंही पाहिलं नाही. त्यानं प्रत्येकाला बोलू दिलं, दुरुस्त्या मतास टाकल्या, एक फेटाळली, एक स्वीकारली. शेवटी दुरुस्तीसह विधेयक लोकसभेकडे परत पाठवायला माझ्या हाती दिलं. मी हॉलमध्ये पोचलो तेव्हा चेअरमनसाहेबांचं भाषण संपून मोटार गेलेली होती आणि शिपाई हिरवी सतरंजी गुंडाळत होता. तो म्हणाला, "कसला कागद? झालं की समदं."

आता सांगलीचं. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन तिथं घर बांधून राहिला आहे. आबा अजून आहेत. ओट्यावर बाजेवर असतात, मोठ्यानं बोललं तरच ऐकू येतं. त्यानं मोठ्यानं सांगितलं, "आबा, ह्यो शाळंतला. सचिव हुता बगा!" आबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"आवं, तुमी न्हवं का कागुद घिऊन आलता? थोरल्या सभागृहात?"

"होय, मीच."

"कोयनंच्या समद्या कॉलनीला ठावं हाय, माज्या पोरानं थोरलं सभागृह चालिवलं. गुर्जी हायत का?"

"नाहीत आबा. जाऊन बरीच वर्षं झाली."

"लय मोटा मानूस," आबा म्हणाले. "माज्या पोराला वर चढिवला त्यांनी." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या हातातून माझा हात कसा सोडवून घेतला ते मलाच माहीत.

निघताना फाटकापर्यंत तो आला. मी म्हटलं, "तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस?"

"सांगणार हुतो. त्याच दिवशी, ष्ट्यांडवर. पन ते कंडक्टरला सांगत बसले हुते. मग संगट कोयनंला गेलो, तर थितं उतरल्यावर मुकादमाला. मग राहिलंच गड्या."

"सरांचा राग येत नाही तुला?"

तो हसला. "राग यायला मानसानं शिवी तरी द्याय पायजे. ह्यांनी मान दिला."

सर, मला एवढंच म्हणायचं होतं. अपमान करणारे पुष्कळ पाहिले, त्यांची मला आता सवय आहे. पण अपमानाला मानाची घडी घालून, वर कलमाचा शिक्का मारून तो पोराच्या हातात देणं, आणि त्याच्या बापाला तो आयुष्यभर छातीशी धरायला लावणं, याला विद्वत्ता लागते. अडाण्याचं ते काम नाही. आणि ती विद्वत्ता ज्या पाटावर बसून शिकलो, त्याच पाटावर तोही बसला होता, चहाच्या त्याच किटलीसमोर, हे आठवलं की मला तुमचे ते कपही नकोसे वाटतात. त्यांच्याविषयी असं वाटणं कृतघ्नपणा आहे. काकूंना हे वाचून वाईट वाटलं असतं.

पत्र टाकायचा प्रश्न नाही. पण खरं सांगतो, तुम्ही हयात असतात तरी मी हे टाकलं नसतं. तुमचं उत्तर उलट टपाली आलं असतं, वळणदार अक्षरात, कलमांच्या आकड्यांसकट. त्यातलं एक अक्षरही चुकीचं नसतं. आणि मला ते पटलं असतं.