बाभळीखाली पुरलेली बाजरी

बदनापूर,
११ नोव्हेंबर १९७४

चि. उषा हिस कौसल्याआत्याचा सप्रेम जयभीम व अ. आ.

पत्र मच्छिंद्रच्या हाती देते आहे. तो रोज पासावर औरंगाबादला जातो, टपालखात्याच्या आधी पोचेल. त्याच गाडीने तुझे तातेरावकाका आणि झुंबरबाई तुमच्या दवाखान्यात येत आहेत. काका उभा दिसेल असे समजू नकोस. परवा सकाळी त्याचे पाय उचलेनात. आज चौघांनी खाटेसकट स्टेशनवर नेला.

तू परगावी, म्हणून सांगते. गेल्या महिन्यात त्याने बाजरीच्या शेपटीवर पाय दिला. बाजरी म्हणजे तो कामाला जातो त्या कृषी संशोधन केंद्राच्या शेतातून त्याच्यामागे घरी आलेली कुत्री. नाव रंगावरून. ती चावली. मी लगेच दोन हुकूम दिले. पोटातली चौदा इंजेक्शने घ्यायची, आणि कुत्री मारून पुरायची. दोन्ही पाळले गेले. बाभळीखालचा ढिगारा मी स्वतः काठी टोचून पाहिला. हेडमिस्ट्रेस होते मी, तपासणीशिवाय सही करत नाही.

इंजेक्शने संपत आली आणि पाय गेले. शेजारणी म्हणतात, पोटुश्या कुत्रीचा तळतळाट. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी असल्या बोलण्यावर बोटांवर पट्टी मारली असती. मी नुसते तोंड वापरले, ते जास्त लागले. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना विचार, कुत्र्यापासून वाचवणारे औषध माणसाला कुत्र्याहून वाईट का चावते?

तातेरावला चालायला मीच शिकवले होते. दुसऱ्यांदा शिकवायला माझे गुडघे राजी नाहीत, एवढे त्यांना बजाव.

तुझी काळजी करणारी,
कौसल्याआत्या


औरंगाबाद,
१२ नोव्हेंबर १९७४

ती. आत्याबाईंना उषाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

काका शुद्धीवर आहेत. वरणात मीठ नाही म्हणून वॉर्डातल्या मावशीशी त्यांचे भांडणही झाले. पाय मात्र कंबरेपासून गप्प आहेत.

आमचे सर म्हणतात, कारणे दोन असू शकतात. कुत्री खरेच पिसाळलेली असेल आणि तो रोग मज्जारज्जूत पोचला असेल, तर आमच्या हातात काही नाही. दुसरे कारण लस. ती मेंढीच्या मेंदूपासून करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी परके काही दिसले की त्यावर तुटून पडतात. मेंढीचा मेंदू त्यांनी रोज पाहिला आणि वैरी म्हणून ओळखून ठेवला. आपल्या नसांवरचे वेष्टनही बरेचसे तसेच असते. म्हणून एखाद्या माणसात त्या पेशी त्याच्याच मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरून ते वेष्टन कुरतडू लागतात. सूज येते आणि पाय थांबतात.

या पेशींना शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. पण रोग पिसाळलेल्या कुत्र्याचा असेल तर त्याच पेशी काकांचे एकमेव शिपाई, त्यांना झोपवायचे कसे? पिसाळलेले कुत्रे चावल्यावर दहा दिवसांत मरते. सर म्हणाले, ती कुत्री मारली नसती तर आज उत्तर मिळाले असते.

हे ऐकून झुंबरकाकू मला बाजूला घेऊन गेल्या. बाजरीला मारलेच नव्हते म्हणे. पोटुशा जिवावर हात उचलेना, म्हणून त्यांनी तिला पोत्यात घालून, भाऊ रखमाजींबरोबर एस.टी.ने जाफराबादला माहेरी धाडली. बाभळीखाली दुसरेच काही पुरले. तुमच्या धाकाने दवाखान्यातही कुत्री मेली असेच सांगितले. नाहीतर शेवटची इंजेक्शने टळली असती. आत्याबाईंना कळलं तर मी बदनापूरला बिलकुल येणार न्हाई, असे त्या मला दहादा बजावून राह्यल्या आहेत. मी सांगते आहे.

पण बाजरी आज आहे की नाही हे त्यांनाही ठाऊक नाही, माहेरहून निरोप नाही. कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहायला हवे. आमच्यावर राग करा, पण जाऊन आल्यावर.

तुमची,
उषा


जाफराबाद,
१३ नोव्हेंबर १९७४

चि. उषा हिस अ. आ.

तार मिळाली असेलच. कुत्री जिवंत, चार पिल्ले, तब्येत उत्तम. तारमास्तराने दोनदा विचारले, बाई, बराबर एवढंच लिहायचं ना. मी म्हटले, इतक्या चांगल्या बातमीची तार तुमच्या हातून आजवर गेली नसेल, जल्दी करा.

जालन्याला गाडी बदलून आले. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. रखमाजीला वाटले मी कुत्री मारायलाच आले, म्हणून तो कापसाच्या ढिगापुढे हात पसरून उभा राहिला. मी त्याला बाजूला सारले. बाजरी मागे पिल्लांना पाजत होती. मी पाणी ठेवले, ती प्याली. भाकरी टाकली, ती खाल्ली. मग माझ्याकडे नीट पाहून भुंकली. मी तिला पास केले.

मेंढीच्या मेंदूचे औषध करणाऱ्यांना आणि घरातल्याच माणसाला चोर समजणाऱ्या त्या पांढऱ्या पेशींना मला पुष्कळ ऐकवायचे आहे. पण मीही हुकूम देताना कुठे नीट पाहिले होते? झुंबरबाईला सांग, हुकूम माझा आणि खोटे तिचे, दोष निम्मा निम्मा. खुशाल घरी यावे. तातेरावला मात्र वाटणी सांगू नये.

गोळ्या आजच सुरू करा.

तुझी,
कौसल्याआत्या


औरंगाबाद,
२० नोव्हेंबर १९७४

ती. आत्याबाईंना सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमची तार सरांनी वॉर्डात मोठ्याने वाचली आणि लगेच गोळ्या लिहून दिल्या. काल काकांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. काकूंनी शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना तो दाखवला. आज डावाही हलला. आता काका म्हणतात की दिवसभर अंगठे हलवून कंटाळा आला, त्यापेक्षा तुरीत जाऊन उभा राहतो. अजून वेळ लागेल, पण सर आता हसतात.

वाटणी काकांना कळली आहे, काकूंनीच सांगितली. माया पातळ करू नका.

तुमची,
उषा


बदनापूर,
२२ डिसेंबर १९७४

चि. उषा हिस आत्याचा सप्रेम जयभीम व अ. आ.

मंडळी सुखरूप पोचली. ते येण्याआधी मी बाभळीखालचा ढिगारा उकरला. आत माझीच रजई निघाली, जी हरवल्याचे खापर मी ऑक्टोबरपासून धोब्यावर फोडत होते. म्हणूनच काठीला मऊ लागले, आणि मी बाई समाधानाने परत फिरले. धोब्याची माफी मागितली. झुंबरबाईला जे बोलायचे ते दोन वाक्यांत बोलले. ती हसू दाबत होती, हे मला दिसले.

तातेराव गाडीतून काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी उतरला. चौघे खाट घेऊन उभे होते, त्यांना त्याने खाट रिकामीच परत न्यायला लावली. संपूर्ण रस्ता मी त्याच्या एक पाऊल मागे होते, लहानपणी असायचे तशी. पडला असता तर मला सावरता आले नसते, पण हे त्याला सांगू नको.

बाजरीला मी रखमाजीकडून आधीच परत मागवले होते. ती पिल्लांसह दारात त्याच रजईवर पडली होती. तातेराव उंबऱ्याशी आला, थांबला, आणि पाय उचलण्याआधी खाली वाकून शेपूट कुठे आहे ते नीट पाहून घेतले.

सुट्टीत ये. एक पिल्लू तुझ्यासाठी ठेवले आहे, आणि आशीर्वाद तर पोतेभर आहेत.

तुझी,
कौसल्याआत्या