गाडीची थरथर थांबली तेव्हा

अहो,

नावानं हाक मारायची सवय कधी लागलीच नाही, तेव्हा पत्रातही 'अहो'च. धुळ्याला अक्कांच्या ओसरीवर बसून लिहितेय. तुमच्या थोरल्या बहिणीनं कळण्याची भाकरी आणि भरीत पोटभर खाऊ घातलं आणि आता त्या स्वतः खाटेवर पडल्यात. दुपार अशी सैलावलीय की अंगणातल्या कोंबड्याही चालता चालता थांबतात. मला मात्र झोप येईना. तुम्हाला एक विचारायचंय, आणि संध्याकाळपर्यंत ठेवलं तर मी नेहमीसारखी गप्प बसेन.

आपल्या गाडीच्या इंजिनचं माउंटिंग बदललं. हो, तेच, ज्याला तुम्ही इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीत. इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती पार चिरफाळली होती. म्हणूनच गाडी नुसती उभी असली तरी अंगात आल्यासारखी घुमायची. जळगावच्या आपल्या मिस्तरीनं जुनं रबर दाखवलं आणि म्हणाला, "काकू, भाऊंना मी कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, राहू दे, गाडी जिवंत वाटते." मी हसले. तुमच्या चिक्कूपणाला ते साजेसंच होतं. आपल्या महेशला गाडी विकून टाकायचीय, आणि अशी हलणारी गाडी घेणार कोण? म्हणून बदलून घेतलं.

आज सकाळी एकटीच निघाले. गाडी इतकी शांत, की आपण पुढे जातोय की रस्ताच खालून सरकतोय, कळेना. दोन्हीकडे कापूस फुटलेला, त्याच्यावर धुकं. कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. डाव्या सीटवर तुम्ही बसलायत असं मला एरंडोलपर्यंत वाटत राहिलं. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तुम्ही उठून गेला असतात.

पारोळ्याला आपल्या नेहमीच्या टपरीपाशी थांबले. टपरीवाल्यानं गाडी ओळखून खिडकीतूनच चहा दिला. तुमच्याच सवयीनं मी इंजिन चालू ठेवलं होतं. कप काठोकाठ भरलेला, आणि चहावर साधा तरंगसुद्धा उठेना. मी त्या कपाकडे बघतच बसले.

घरी तुम्ही चहा सोडलात. पित्त होतं म्हणालात. लग्नाकार्यात कुणी कप पुढे केला की हात पाठीमागे बांधून हेडमास्तरासारखे उभे राहायचात. गाडीत मात्र चहा हवाच, आणि तोही इंजिन चालू ठेवून! पेट्रोल जळतंय म्हणून मी कटकट करायची. शर्टावर चहा सांडला की तुम्ही म्हणायचात, "गाडी हलते ना." आणि मी वेडी गाडीला नावं ठेवायची.

एकटी गाडीच हलत नव्हती ना हो?

मघाशी जेवताना अक्कांना विचारलं. त्या भाकरी मोडत सहज म्हणाल्या, "आमना बाबाना हातबी असाच हाले. माले वाटनं, तुले ठाऊक शे."

मला ठाऊक नव्हतं. तुमचं काळीज अचानक थांबलं, हाताचं बोलायला कुणाला सवडच मिळाली नाही. पण त्याआधी? इतका संसार केला आपण. माझी बाळंतपणं, माझी दुखणी, माझे रुसवे, सगळं तुम्ही बघितलंत. आणि स्वतःचा हात तेवढा माझ्यापासून लपवलात? फार वाईट वाटलं मला. अजून वाटतंय.

का लपवलात तेही मला कळतं म्हणा. मी त्याच दिवशी किल्ली काढून पदराला बांधली असती. मग ही धुळ्याची वाट बंद, मुक्ताईनगर बंद, तुमचं सगळं जगच बंद. पण तसल्या हातानं तुम्ही गाडी हाकत होतात आणि मी शेजारी बिनघोर झोपत होते, हा राग काही जायचा नाही. तो मी वर येईपर्यंत सांभाळून ठेवणार आहे.

आणि मला गाडी शिकवायचा तो हट्ट? फैजपूरच्या रस्त्यावर, केळीच्या बागांमधून, गिअरवर माझा हात आणि त्याच्यावर तुमचा. हिरव्या सावलीतून आपण मुंगीच्या पावलानं जायचो. म्हातारपणी काय खूळ घेतलंय म्हणून मी महेशपाशी तुमची थट्टा केली होती. तुम्ही म्हणायचात, "आता तू धर. मी नुसता बसतो." किल्ली तुम्ही आपणहून माझ्याकडे देत होतात. मला ती शिकवणी वाटत होती.

आत्ताच महेशचा फोन येऊन गेला. गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. मी नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "तुझ्या बाबांनी मला गाडी दिलीय, मी ती चालवणार."

तुम्हाला एक वचन देते. उद्या माझाही हात थरथरू लागेल. तेव्हा मी तो लपवणार नाही. किल्ली महेशच्या हातात देईन आणि घरात, सगळ्यांच्या समोर बसून चहा पिईन. सांडला तर सांडला.

तुमची,
सुमन